अकरा रुपयांची पावती

आमच्या मंडळाच्या खजिनदारांइतका पैशाचा मान राखणारा, आणि त्याच वेळी पैशाची इतकी कमी हाव असणारा, मनुष्य बंगळूर शहरात दुसरा झाला नसेल. हे विधान मी विचारपूर्वक करीत आहे. माझी सारी नोकरी नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यात गेली. तेथे एखादी टेकडी दोन फूट उंच दाखवली तरी लेखी खुलासा द्यावा लागे. त्यामुळे वाढवून सांगण्याची सवय मला नाही. तथापि या गृहस्थांविषयी नुसते खरे सांगितले तरी ते वाढवून सांगितल्यासारखे दिसते. त्याला माझा इलाज नाही.

मंडळ अगदी लहान होते. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून मोडी लिपीतले जुने कागद माळ्यावर, देवघरामागे, क्वचित पिठाच्या डब्यांखालीही पडलेले असत. ते मिळवायचे, वाचायचे, नकलून ठेवायचे आणि वाळवीपासून वाचवायचे, एवढेच आमचे काम. सभासद सतरा. त्यांपैकी मोडी वाचता येणारे तिघे आणि वर्गणी न मागता देणारे चौघे. मी कार्यवाह होतो, म्हणजे पत्रे लिहिणे, सभा बोलावणे आणि सभेला न आलेल्यांवर रागावणे ही कामे माझ्याकडे होती. पैशाचे सर्व काम खजिनदारांकडे होते. राजाजीनगरात त्यांचे शिवणसामानाचे दुकान होते. बटणे, हूक, दोरे, अस्तर, मापाच्या फिती. त्यांचे कोणी पूर्वज शिंपीकाम करीत इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड, आणि बोलताना दोहोंची अशी सरमिसळ की एकाच वाक्यात ते दोनदा सीमा ओलांडीत. भेटेल तो पुरुष अण्णा, भेटेल ती स्त्री अक्का. मी त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा, म्हणून मलाही अण्णा. आणि दुकानात धाग्याची रिळे उतरवायला येणारा हमाल त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, तोही अण्णाच. मी त्यांना कायम 'खजिनदार' म्हणत आलो. त्यांना ते आवडत असावे. निदान त्यांनी कधी हरकत घेतली नाही, आणि हरकत असली की ती लेखी घेण्याची त्यांची पद्धत होती.

दुकानामागची एक खोली त्यांनी मंडळाला वापरायला दिली होती. भाडे घेत नसत. पण 'फुकट' हा शब्द त्यांना सोसत नसे. म्हणून दर महिन्याला वहीच्या डाव्या पानावर 'श्री. खजिनदार यांजकडून देणगी, रुपये साठ' आणि उजव्या पानावर 'खोलीभाडे, रुपये साठ' अशा दोन ओळी पडत. त्या देणगीची पावती ते स्वतःला देत. मग त्याच खुर्चीत किंचित सरकून बसत आणि भाड्याची पावती मंडळाला देत. दोन्ही पावत्यांवरची सही एकच असे, परंतु पहिली सही करताना ते चष्मा काढीत आणि दुसरी करताना घालीत. मी एकदा कारण विचारले. ते म्हणाले, "स्वल्प फरक दिसायला पाहिजे की, अण्णा. नाहीतर देणारा कोण, घेणारा कोण, मलाच कळायचं नाही."

मंडळाचा निधी त्यांनी बँकेत कमी आणि डब्यांत जास्त ठेवला होता. बटणांच्या व्यापारात अशी रीत असते की डब्याच्या दर्शनी बाजूवर आतल्या मालातले एक बटण शिवून ठेवायचे; झाकण न उघडता माल कळतो. आमचे डबे त्याच धर्तीवर होते. काळे कोटाचे बटण म्हणजे टपाल. तपकिरी बटण म्हणजे चहा. पांढरे सदऱ्याचे बटण म्हणजे कागदांचे जतन. पितळी बटण म्हणजे प्रवासखर्च. ते पितळी का, तर प्रवासात मनुष्याने रुबाबात दिसावे. असे एकूण अकरा डबे एका फळीवर रांगेने असत. देणगी देणाऱ्याने ज्या कामासाठी पैसे दिले असतील त्याच डब्यात ते जात, आणि दुसऱ्या कामाला त्यातला पैसाही लागत नसे. "देणाऱ्यानं काय मनात धरून दिलं ते मोडायला मी कोण?" असे ते म्हणत. हे तत्त्व उत्तम आहे. तत्त्वाबरोबर दररोज काम करावे लागले की मात्र माणसाला थकवा येतो.

एकदा टपालाचा डबा रिकामा झाला आणि मला सभेची सतरा कार्डे टाकायची होती. चहाच्या डब्यात पैसे होते. मी म्हटले, चहातून पंधरा रुपये घ्या. ते गंभीर झाले. त्यांनी पावतीपुस्तकाच्या मागचा कोरा कागद फाडला आणि लिहिले, 'खजिनदार (चहा) यांस, टपालास रुपये पंधरा उसने मिळावेत, ही विनंती.' सही केली. कागद उलटा केला, चष्मा घातला, विचार केला आणि मागे उत्तर लिहिले, 'सभा जवळ आल्याने देता येत नाहीत.' मग तो कागद माझ्यापुढे ठेवून अतिशय खेदाने म्हणाले, "चहानं नाही म्हटलं, अण्णा."

"चहा म्हणजे तुम्हीच ना?"

"होय की. पण चहाच्या बाजूनं बसल्यावर टपालाची अडचण कशी बघू? ते बरं दिसत नाही."

मी माझ्या खिशातल्या पैशांनी कार्डे टाकली. संध्याकाळी दुकानातला गडी घरी येऊन मला पावती देऊन गेला. त्या पावतीवरचे महसुली तिकीटही खजिनदारांनी स्वतःच्या खर्चाने लावले होते, आणि त्याची वेगळी पावती त्यांनी स्वतःला दिली असणार याविषयी मला शंका नाही.

पावतीवर त्यांची श्रद्धा होती. कोणी सभेला बिस्किटांचा पुडा आणला तरी पावती, कोणी जुनी टाचणपेटी दिली तरी पावती. पावती न देता घेतलेली वस्तू आपल्याकडे आलेलीच नसते, ती नुसती पडलेली असते, असे त्यांचे मत होते. खोडण्याविषयीही त्यांचा एक नियम होता. वहीत चूक झाली तर ती खोडायची नाही. ती तशीच ठेवायची आणि खाली नव्या ओळीत दुरुस्ती लिहायची. "खोडलं की खालचं काय होतं ते वाचायला माणूस वाकतो," असे ते म्हणत. "सरळ दिसू दे. चुकलो, मग सुधारलं. दोन्ही दिसू दे." पुण्याहून आलेला एक संगणक अभियंता आमच्या कार्यकारिणीत होता. भला माणूस. त्याने एकदा सुचवले की हे सगळे कॉम्प्युटरवर घेतले तर एन्ट्री सहज डिलीट करता येईल. खजिनदारांनी त्याला चहा दिला, त्याची विचारपूस केली, आईची तब्येत विचारली आणि म्हणाले, "म्हणजे चुकलेलं दिसणारच नाही? बेडा अण्णा, बेडा. असलं यंत्र मंडळाला झेपायचं नाही." त्या अभियंत्याने पुढे तो विषय काढला नाही. त्याला 'बेडा'चा अर्थ कोणी सांगावा लागला नाही. स्वर पुरेसा होता.

आता मुख्य गोष्ट. एका वर्षी माघ महिन्यात आम्ही एका राममंदिराच्या सभागृहात मोडी कागदाचे जाहीर वाचन ठेवले. कागद होता दोन सख्ख्या भावांच्या विहिरीवरून झालेल्या भांडणाचा. त्यात देवाधर्माचे काही नव्हते; उलट धाकट्या भावाने थोरल्याची मोट विहिरीत ढकलल्याचा सविस्तर उल्लेख होता. परंतु त्या जागी आधी भजन झाले होते, उदबत्ती जळत होती, चौरंग तसाच होता, आणि मी धोतर नेसून त्याच्यामागे बसून एका जुन्या लिपीतले काहीतरी मोठ्याने वाचीत होतो. समोर चाळीसेक माणसे होती, त्यांत बऱ्याच वयस्क बायका. वाचन संपल्यावर लोक हात जोडून गेले. मला ते थोडे विचित्र वाटले. सामान आवरताना खजिनदारांना चौरंगावर एक हिरव्या खणाची चिंधी सापडली. तिच्यात दहाची नोट, एक रुपयाचे नाणे आणि सुपारी बांधलेली होती. कोणी बाईने पोथी समजून विहिरीच्या भांडणाला दक्षिणा ठेवली होती.

मी हसलो. मी क्वचित हसतो, म्हणून ते लक्षात आहे. खजिनदार हसले नाहीत. ते म्हणाले, "हे कुणी ठेवलं?" कोणाला माहीत नव्हते. "ज्यांनी ठेवलं त्यांनी देवाला ठेवलं की मंडळाला? विचारल्याशिवाय कुठल्या डब्यात टाकू?" दुसऱ्या दिवशी फळीवर बारावा डबा आला. त्यावर बटण नव्हते.

मार्च संपला. त्या वर्षी हिशेबाला नेहमीपेक्षा महत्त्व होते. आमचे सर्व कागद एका लाकडी कपाटात होते आणि त्या कपाटाला खालून वाळवी लागली होती. पावसाळ्यापूर्वी लोखंडी कपाटे घेतली नाहीत तर वीस वर्षांचे काम भुश्शात जाणार, हे मला दिसत होते. मी सहा महिने पत्रव्यवहार करून मुंबईच्या एका विश्वस्त निधीकडून वीस हजार रुपयांचे आश्वासन मिळवले होते. अट एकच होती. खजिनदारांच्या सहीचा, तपासलेला वार्षिक हिशेब जूनअखेर त्यांच्या हाती पोचला पाहिजे. हिशेब तयार होता. एका पैशाचीही तूट नव्हती. अकरा रुपये जास्त होते, आणि ते कोणाचे हे कळेपर्यंत खजिनदार सही करायला तयार नव्हते.

मी त्यांना सांगून पाहिले की 'किरकोळ जमा' लिहा. ते म्हणाले, देणाऱ्या बाईला ते किरकोळ नसेल. आमचे हिशेब विनामूल्य तपासणारे सनदी लेखापाल म्हणाले की 'अनामत' लिहा. त्यावर ते म्हणाले, अनामत ठेवणाऱ्याचे नाव माहीत असते. मी म्हटले, गुप्तदान लिहा. ते म्हणाले, "गुप्त ठेवायचं तर तसं तिनं सांगायला पाहिजे की, अण्णा. आपण परस्पर तिला गुप्त करायचं?" शेवटी मी चिंधी, नोट आणि नाणे यांचा विषयच संपवण्याची तयारी दाखवली, म्हणालो, ते अकरा रुपये मला द्या, मी देवळाच्या पेटीत टाकून येतो, हिशेब जुळेल. ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता. शाळेत चुकीचे उत्तर देणाऱ्या हुशार मुलाकडे मास्तर बघतात तसे ते बघणे होते. "कमी पडले असते तर मी माझे घातले असते," ते म्हणाले. "जास्त झालेले मी कुठून काढू?"

जून संपला. हिशेब गेला नाही. निधीचे पत्र आले. दोन ओळींचे, सभ्य आणि पक्के. वीस हजार रुपये गेले.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी कार्यकारिणीची सभा बोलावली. पाच जण होतो. इतिवृत्ताच्या वहीत मी स्वहस्ते ठराव लिहिला आणि वाचून दाखवला: 'खजिनदारांच्या दुराग्रहामुळे मंडळाचे भरून न येणारे नुकसान झाले आहे. ते या पदास योग्य नाहीत. त्यांनी पद सोडावे.' खाली माझी सही. बाहेर दुकानात कोणीतरी दोन डझन हूक मागत होते. मी अनुमोदक विचारला. अभियंता म्हणाला, "सर, मी न्यूट्रल आहे." दुसरे दोघे फळीवरच्या डब्यांकडे बघू लागले.

तेव्हा खजिनदार म्हणाले, "कुणीच नाही? सरी, ठीक आहे. मी देतो अनुमोदन. ठराव अर्धा राहू नये."

त्यांनी वही ओढून घेतली, माझ्या सहीखाली 'अनुमोदक' लिहिले, सही केली, शाई टिपली आणि वही परत माझ्यापुढे सरकवली. चष्मा घातलेला होता की नव्हता ते मी पाहिले नाही. मग नवा खजिनदार कोण, हा प्रश्न निघाला. बारा डब्यांकडे पाहून कोणीही पुढे आले नाही. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत जुन्यांनीच काम पाहावे असे ठरले आणि चहा आला. चहाचे पैसे तपकिरी बटणातून गेले. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतेही बोलणे टाकले. दर रविवारी मी एकटा कपाटापुढे बसून वाळवीने खाल्लेले कोपरे वेगळे करीत असे, आणि ते मला न विचारता बाजूला रॉकेलची बाटली आणि जुने मलमल ठेवून जात. मी ते वापरीत असे. आभार मानीत नसे.

तेथून ते कोठे जातात हे मला पुष्कळ उशिरा कळले. माघापासूनच, मंडळाचे काम संपले की, ते ती हिरवी चिंधी खिशात घालून शिंप्यांकडे फिरत होते. चिंधीला चारही बाजूंनी हाताने बारीक टाके घालून कड मोडलेली होती. शिवणाऱ्याला शिवणाऱ्याचा हात ओळखता येतो असा त्यांचा विश्वास होता, आणि त्यांचे निम्मे गिऱ्हाईक शिंपी असल्याने विचारायला माणसे पुष्कळ होती. पहिल्या काही आठवड्यांत नुसता नकार मिळाला. मग एका म्हाताऱ्या शिंप्याने चिंधी उजेडात धरून सांगितले की टाका उलट्या अंगाने कलला आहे. हा डावखुरा हात आहे. त्यानंतर खजिनदार शहराच्या पश्चिम भागातले डावखुरे शिंपी शोधू लागले. तिघे निघाले. तिसरा चिक्कपेटच्या एका गल्लीत जिन्याखाली बसत असे. त्याने चिंधी पाहिली आणि म्हणाला, हे माझेच काम. एक आजी माझ्याकडे खणाच्या चोळ्या शिवतात आणि उरलेल्या तुकड्यांना कड घालून परत मागतात. टाकून देऊ देत नाहीत.

ऑगस्टमधल्या एका रविवारी, भर दुपारी, खजिनदार माझ्या घरी आले. याआधी ते कधी आले नव्हते. दारातच उभे राहून म्हणाले, "अण्णा, अकराची मालकीण सापडली. चला."

"मी कशाला?"

"दहाच्या वरच्या पावतीला कार्यवाहाची सही लागते. नियम आहे."

"कोणाचा?"

"माझाच. पण नियम की."

रागाने मनुष्य नकार देतो तसा तो रागाने होकारही देतो. मी चप्पल घातली. रिक्षात भाडे कोणत्या डब्यातून जाणार हे विचारण्याचा मोह मी आवरला.

आजी ऐंशीच्या पुढच्या होत्या. नऊवारी, हिरव्या खणाची चोळी, नजर स्वच्छ. माळ्याखाली तीन मोठ्या लोखंडी ट्रंका उतरवून ठेवलेल्या होत्या आणि त्यांचा मुलगा कोणा रद्दीवाल्याशी भावाची बोलणी करीत होता. घर विकून सर्वजण नव्या फ्लॅटमध्ये जाणार होते. तेथे माळा नव्हता. खजिनदारांनी कशाकडेही न बघता पावतीपुस्तक उघडले.

"अक्का, माघात राममंदिरात पोथी झाली, तिथं चौरंगावर अकरा रुपये तुम्ही ठेवले?"

"ठेवले. का, खोटी होती का नोट?"

"नोट खरी. ते देवाला ठेवले की मंडळाला?"

आजी विचारात पडल्या. "देवाला कसे? देवाचं नावच नव्हतं त्यात. सगळं भांडणच होतं. मोट ढकलली म्हणे विहिरीत."

"मग कशाला ठेवले?"

"त्या कागदाला ठेवले," त्या म्हणाल्या. "एवढा जुना कागद, आणि हे इतकं मन लावून वाचत होते. आमच्या मामंजींचे पण तसलेच आहेत. त्यांना कोण वाचतंय? त्या कागदाचं नशीब म्हणून ठेवले." मग त्यांनी विचारले, "एवढ्यासाठी आलात? माघापासून आता?"

"पावती राहिली होती, अक्का."

त्यांनी पावतीवर नाव घातले, रकमेपुढे 'कागदांच्या जतनासाठी' असे लिहिले आणि पुस्तक माझ्यापुढे धरले. मी सही केली. आजींनी पावती डोळ्यांजवळ नेली, दोन्ही सह्या पाहिल्या, घडी घातली आणि कमरेला खोचली. मग मुलाला हाक मारली.

"त्या माणसाला जायला सांग."

"अगं आई, तो रोख देतोय."

"देऊ दे. हे लोक अकरा रुपयांसाठी सात महिने मला हुडकतायत. मामंजींचे कागद ह्यांच्याकडे राहतील. ट्रंकांसकट न्या म्हणावं. लोखंडी आहेत, काही शिरत नाही आत."

मुलगा काही बोलणार होता. त्याने आईकडे पाहिले आणि रद्दीवाल्याला 'नाळे बा' म्हणून वाटेला लावले. तो दुसऱ्या दिवशी येऊनही उपयोग नव्हता. त्याच संध्याकाळी तिन्ही ट्रंका हातगाडीवरून राजाजीनगरात आल्या.

त्या ट्रंकांत जे निघाले त्याच्यावर मंडळ पुढची सगळी वर्षे जगले. या शहरातल्या मराठी वस्तीचे चार पिढ्यांचे व्यवहार, पत्रे, लग्नाच्या याद्या, जागेचे दाखले. आम्ही वीस वर्षांत जमवले त्याच्या तिप्पट, कडुलिंबाच्या पाल्यात, कोरडे, शाबूत. ते लावून बांधल्यावर एक संपूर्ण ट्रंक रिकामी झाली, आणि आमचे जुने कागदही वाळवीच्या तोंडून निघून तिच्यात गेले. कपाटांची गरज उरली नाही. मी मुंबईच्या निधीला पुन्हा पत्र लिहिले नाही. मी जूनमध्ये सांगितले तसे खजिनदारांनी केले असते तर आम्हाला दोन लोखंडी कपाटे मिळाली असती, आणि आजींच्या सासऱ्यांचे कागद वजनावर गेले असते. हे गणित मी ट्रंका आल्या त्या रात्री एकदा मांडले. परत मांडण्याची गरज पडली नाही.

पुढच्या रविवारी मी इतिवृत्ताची वही उघडली, जुलैचा ठराव काढला आणि त्यावर आडवी रेघ मारण्यासाठी टाक उचलला. खजिनदारांनी पानावर पंजा ठेवला.

"खोडायचं नाही, अण्णा."

"चूक झाली आहे माझी."

"झाली ना? मग खाली लिहा की. दोन्ही दिसू दे." त्यांनी शिसपेन्सिल घेऊन ठरावाखाली तीन ओळींची जागा कंसात धरली. "इथं."

"काय लिहू?"

"ते मी कसं सांगू? तुमचं खातं ते."

मी म्हटले, विचार करून लिहितो. मला वाटले होते आठवड्याभरात लिहीन. पण सरकारी खात्यात मनुष्य खुलासे लिहायला शिकतो, दुसरे काही लिहायला शिकत नाही. दरवर्षी हिशेबाच्या सुमारास ती वही बाहेर येई, ते पान उलटले जाई आणि कंस तसाच दिसे. खजिनदार काही म्हणत नसत. फक्त पेन्सिलीचा कंस पुसट झाला की पुढच्या वर्षी तो पुन्हा ठळक झालेला असे.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूपेक्षा वाईट काही निघाले. बटणाचा रंग कळेनासा झाला. काळे आणि तपकिरी ते बोटांनी ओळखू लागले, आणि एके दिवशी टपालाचे दहा रुपये चहात गेले. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून पद सोडले. दुकान पुतण्याकडे देऊन ते हुबळीला मुलीकडे निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी एकेक डबा माझ्या हातात ठेवला, आत किती आहेत ते तोंडपाठ सांगितले आणि मला मोजायला लावले. सर्व बरोबर होते. बारावा डबा रिकामा होता. तोही त्यांनी रिकामा म्हणून मोजून दिला. मी सर्वांची मिळून एक पावती लिहिली. त्यांनी ती वाचून घेतली, माझ्याकडून तारीख दुरुस्त करून घेतली, खोडून नव्हे तर खाली लिहून, आणि खिशात ठेवली. पायरी उतरताना म्हणाले, "ती ओळ राहिली बघा, अण्णा."

"लिहितो."

"सावकाश. जागा ठेवलीय."

गेल्या श्रावणात हुबळीहून त्यांच्या मुलीचे कार्ड आले. शेवटच्या दिवसांत, तिने लिहिले होते, ते उशाशी एक पावती ठेवून असत आणि आलेल्या-गेलेल्याला ती वाचायला सांगत. माझी पावती रुपये तीनशे बेचाळीस आणि रिकाम्या डब्याची होती. तिच्यात वाचण्यासारखे काही नव्हते.

मी वही काढली. कंसात तीन ओळींची जागा होती. मला दोन पुरल्या. 'वरील ठराव ही कार्यवाहांची चूक होती. मंडळाकडे आज जे आहे, ते खजिनदारांमुळे आहे.' खाली सही केली. पुढच्या सभेत ते वाचून दाखवले. पुण्याचा अभियंता आता इथलाच झाला आहे. डबे हल्ली तोच सांभाळतो आणि हिशेब कॉम्प्युटरवर ठेवूनही काही डिलीट करीत नाही. तो म्हणाला, "सर, मी सेकंड करतो." इतरांनीही हात वर केले.

मी वही मिटली. अनुमोदकाची जागा मी खजिनदारांसाठी कोरी ठेवली आहे. ठराव अर्धा राहू नये, असे ते म्हणाले होते. हा राहील.